मागे जाड टायर टाकण्याआधी हे वाचा

“मागे जरा जाड टायर टाका, ग्रिप वाढेल” अशी मागणी आमच्या टायरच्या दुकानात बाइकवाल्यांकडून रोज येते. रिमला मावत असेल तर आम्ही जरूर टाकतो. मावत नसेल तर नाही म्हणतो.

पल्सर १५० च्या सिंगल डिस्क मॉडेलचा मागचा टायर घ्या. त्यावर १००/९०-१७ लिहिलेले असते: रुंदी १०० मिमी, उंची रुंदीच्या ९० टक्के म्हणजे ९० मिमी, रिम १७ इंची. पुढचे ‘५५ पी’ म्हणजे २१८ किलोपर्यंत भार आणि ताशी १५० किमीपर्यंत वेग. नवा टायर कुठल्याही कंपनीचा घ्या, हे दोन आकडे मूळ टायरपेक्षा कमी नकोत. डबलसीट, त्यात भाजीच्या पिशव्या, अशी गाडी चालवणाऱ्यांनी भाराचा आकडा तर नक्की बघावा.

आता त्याच रिमवर १२०/८०-१७ चढवला तर काय होते? टायर चढतो, हवाही धरतो, म्हणून फिटिंग जमले असे वाटते. पण रिम अरुंद, त्यामुळे दोन्ही बाजू आत ओढल्या जातात आणि मधला भाग वर येतो. गाडी सरळ चालताना त्या उंचवट्यावरच सगळा भार येतो आणि कडांची नक्षी वर्षभर कोरी राहते. तसेही रस्त्याला किती रबर टेकते ते मुख्यतः वजन आणि हवा ठरवतात. रुंदीने त्या पट्ट्याचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. शिवाय व्यास १२ मिमीने वाढतो, म्हणजे गाडीची मागची बाजू ६ मिमी उचलली जाते आणि हँडल थोडे चंचल होते. दोन्ही बाजूंना १० मिमी जागा जाते ती वेगळीच. चेन कव्हर किंवा चिमट्याला (मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला) टायर घासत असेल तर ते डबलसीट बसून खड्ड्यात गेल्यावरच कळते. वजन वाढल्याने पिकअप आणि ॲव्हरेज पडतात, हे सगळ्यांना माहीत असूनही कोणी मनावर घेत नाही.

रिमवर कोरलेली रुंदी इंचांत असते. १७ × २.१५ असे काही दिसले तर १२० चा विचार सोडा. मूळ मापापेक्षा एक पायरी रुंद, म्हणजे ९० च्या जागी १००, बहुतेक रिमला चालते. तेही टायर कंपनीचा तक्ता बघून.

हाताळणी बिघडण्याचे दुसरे कारण जाडीपेक्षा जास्त दिसते. पुणे-सातारा हायवेवर रोज सरळ धावणाऱ्या गाडीचा मागचा टायर मधोमध घासून सपाट होतो. मग खंबाटकी घाटात वळण घेताना गाडी आधी झुकायला नको म्हणते आणि सपाट भागाची कड ओलांडली की एकदम पडल्यासारखी होते. लोक शॉकअप बदलायला निघतात, दोष टायरचा असतो. पुढचा टायर खवल्यांसारखा घासला असेल तर हवा, रिमचा डग आणि फोर्क तिन्ही तपासा.

रेडियल (आतले धागे कडेपासून कडेपर्यंत आडवे) आणि साधा (धागे तिरके) टायर एकत्र करू नका, कंपनीनेच तसा दिला असेल तर गोष्ट वेगळी. यामाहा एफझेडला पुढे साधा १००/८०-१७ आणि मागे रेडियल १४०/६० आर १७ असतो, ते चालते. उलटी जोडी नको.

स्पोकच्या साध्या रिमला ट्यूब लागते. ट्यूबलेस टायर टाकला तरी आत ट्यूब घालावीच लागते, आणि नव्या टायरबरोबर ट्यूबही नवीच घ्या; ताणलेली जुनी ट्यूब आत दुमडते आणि तिथेच फुटते. ट्यूबलेसचे पंक्चर मधल्या भागात असेल तरच काढू. साइडवॉलला छेद असेल तर प्लग मारत नाही, कितीही आग्रह केला तरी.

खरेदीच्या वेळी टायरवरचा चार आकडी कोड बघा. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. सवलतीत मिळणारा जुना टायर वाकवून बघा. नक्षीच्या तळाशी बारीक भेगा दिसल्या तर तो स्वस्त नाही. दुचाकीला ०.८ मिमी नक्षी ही कायद्याची किमान मर्यादा आहे. पावसाळ्याआधी २ मिमी उरली असेल तर आम्ही बदलायला सांगतो, कारण पाणी बाहेर ढकलायला खोबणीत जागाच राहत नाही. उसाच्या ट्रॅक्टरचा चिखल आणि ओले पांढरे पट्टे मात्र नव्या टायरलाही घसरवतात.

फिटिंग होताना उभे राहून बघा. बाण फिरण्याच्या दिशेला हवा, पिवळा ठिपका व्हॉल्व्हपाशी, आणि हवा भरल्यावर रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर. ती एका जागी आत बुडाली असेल तर बीड, म्हणजे रिममध्ये बसणारी टायरची कड, नीट बसलेले नाही. हवा सोडून साबणपाणी लावून पुन्हा भरायला लावा. मागचे चाक बसले की चेनचा ढिलेपणा बघा, ब्रेक दोन-तीनदा दाबा, मगच गाडी हलवा.

पहिले १५० किमी जोरात ब्रेक आणि तिरके वळण टाळा. नव्या रबराचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, तो घासला गेल्यावरच पकड येते. टायर पॉलिश रस्त्याला टेकणाऱ्या भागावर कधीच नको. हवा आठवड्याला एकदा, टायर थंड असताना, चेन कव्हर किंवा चिमट्यावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. डबलसीटचा आकडा वेगळा असतो. २०० किमी झाल्यावर गाडी आणा, हवा आणि चेन पुन्हा तपासून देऊ, त्याचे पैसे नाहीत.