तुमची जुनी टँडम कुठली, कोणतं मॉडेल, किती सालची? रंगवायला टाकण्याआधी वाचा

जुनी टँडम, म्हणजे दोघांनी पुढे-मागे बसून चालवायची सायकल, हाती आली की बहुतेकांचा हात आधी पॉलिश पेपरकडे जातो. कृपया थांबा. सायकलची ओळख पटवणारा निम्मा पुरावा त्या मळक्या, उडालेल्या रंगातच असतो. सँडब्लास्टिंग करून वर पावडर कोटिंग चढवलं की ठोकलेला नंबर बुजतो, नळीवरची अक्षरं जातात आणि पुढच्या नळीवरच्या कंपनीच्या बिल्ल्याच्या खिळ्यांची भोकंसुद्धा भरून निघतात. आमच्याकडे ओळख पटवायला येणाऱ्या टँडमपैकी सगळ्यात अवघड त्याच, ज्या नव्यासारख्या चकचकीत असतात.

आधी फ्रेम, मग सुटे भाग

सायकलचं वय म्हणजे फ्रेमचं वय. बाकी सगळं बदलता येतं, आणि टँडमवर ते एकट्याच्या सायकलपेक्षा लवकर बदलावं लागतं. दोन माणसांचं वजन आणि दोघांचा जोर मागच्या चाकावर येतो. स्पोक तुटतात, रिम वाकते, ब्रेक झिजतात. म्हणून मागचं चाक मूळचं नाही असं धरूनच आम्ही तपासणी सुरू करतो.

भागावर तारीख सापडली तर ती त्या भागाची तारीख. फ्रेम त्याहून जुनी असू शकते. पण पुढचा हब (चाकाचा मधला भाग), क्रँक (पेडलचा दांडा), गिअर अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या तीन-चार भागांवरच्या तारखा एका-दोन वर्षांच्या आत आल्या, तर सायकल त्याच सुमारास जोडली गेली असं विश्वासानं म्हणता येतं.

नंबर कुठे शोधायचा

टँडमला बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस फिरतो तो फ्रेमचा भाग, दोन असतात. दोन्हींच्या खालची बाजू बघा. पुष्कळ लोक एकच बघतात आणि नंबर नाही म्हणून सांगतात. शिवाय सीटच्या नळीचा वरचा जोड, मागचा एक्सल बसतो त्या पट्ट्या आणि हँडलची नळी. सायकल उलटी करा, रॉकेलच्या फडक्यानं मळ मऊ होऊ द्या, जुन्या टूथब्रशनं हलकेच काढा. तारेचा ब्रश नको. मग अंधारात टॉर्च आडवी धरा. समोरून न दिसणारे आकडे तिरप्या उजेडात सावलीसह उठून दिसतात. तरीही वाचता आले नाहीत, तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासा.

पुढच्या चाकाचा चिमटा (फोर्क) कधी उघडलाच, तर त्याच्या वरच्या नळीवरही नंबर बघा. इंग्लंडमधल्या कित्येक कारागिरांनी फ्रेमचाच नंबर चिमट्यावर ठोकलेला असतो. दोन्ही जुळले तर चिमटा मूळचा.

नंबरवरून थेट साल काढता येणं हे कंपनीवर अवलंबून आहे. शिकागोच्या श्विन या सायकल कंपनीनं १९६५ पासून नंबरच्या सुरुवातीला दोन अक्षरं दिली: पहिलं महिन्याचं, दुसरं वर्षाचं, ए म्हणजे १९६५. आय आणि ओ ही अक्षरं वापरली नाहीत. म्हणजे ‘सीई’ असेल तर मार्च १९६९. मात्र ही तारीख नंबर ठोकल्याची. सायकल नंतर जोडली गेली असू शकते.

सुट्या भागांवरच्या खुणा

सुटे भाग बनवणाऱ्या जपानी शिमानोचीही दोन अक्षरं असतात, पण क्रम उलटा. आधी वर्ष, मग महिना, आणि ए म्हणजे १९७६. क्रँकच्या आतल्या बाजूला ‘जीडी’ दिसलं तर एप्रिल १९८२. श्विनच्या टँडमवर शिमानोचा भाग असेल तेव्हा या दोन पद्धतींची सरमिसळ होते, तेवढं सांभाळा.

स्टर्मी-आर्चर या ब्रिटिश कंपनीच्या गिअर हबवर (गिअर आत असलेला हब) वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि महिना सरळ ठोकलेला असतो: ‘५६ ३’ म्हणजे मार्च १९५६. त्यांचा एडब्ल्यू हा तीन गिअरचा हब १९३६ मध्ये आला, तेव्हा त्याआधीचा एडब्ल्यू असूच शकत नाही. इटलीच्या कॅम्पान्योलोच्या सत्तरच्या दशकातल्या मागच्या डिरेलरवर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ‘पेटंट’ या शब्दापुढे साल असतं.

क्रँकला कॉटर पिन (क्रँक आसाला पक्का करणारी पाचर) आहे म्हणून सायकल फार जुनी, असं समजू नका. बिनकॉटरचे ॲल्युमिनियम क्रँक स्ट्राँगलाइट या फ्रेंच कंपनीनं १९३३ मध्येच आणले होते, आणि स्वस्त सायकलींवर कॉटर सत्तरच्या दशकातही होता. रेनॉल्ड्स ५३१ या पोलादी नळ्यांच्या नावाचा स्टिकर असेल तर फ्रेम १९३५ नंतरची. पण असे स्टिकर आजही नवे मिळतात. स्टिकरखालचा रंग आणि आजूबाजूचा रंग सारखाच उडालेला आहे का, ते बघा.

देश आणि कारागीर

पुढची बसायची जागा साडीसाठी असते तशी उघडी (वरचा आडवा दांडा नसलेली) आणि मागची बंद असेल, तर सायकल १८९० च्या दशकातली असण्याचा विचार करा. तेव्हा बऱ्याच टँडमवर बाई पुढे बसत आणि मागच्या स्वारालाही दांड्यांनी जोडलेलं हँडल असे. मागची जागा उघडी असलेली रचना नंतरची. मागच्या सीटची नळी वाकवून चाक पुढे ओढलेलं असेल आणि जोडांवर लग (नळ्या सांधणारे बाहेरचे तुकडे) नसून गुळगुळीत पितळी भरण असेल, तर इंग्लंडमधल्या स्टॉक्टनच्या जॅक टेलर या कारागिराचं नाव आधी तपासावं. कॅलिफोर्नियाची सँटाना ही टँडम कंपनी १९७६ ची, म्हणून त्याआधीची सँटाना नाही.

बॉटम ब्रॅकेटचे आटे देश सांगतात. ब्रिटिश बनावटीत बेअरिंगची उजवी वाटी उलट्या आट्यांची; जुन्या फ्रेंच आणि इटालियन बनावटीत दोन्ही सरळ. माहीत नसताना जोर लावू नका, आटे गेले की फ्रेम गेली. रिमचं मापही (टायर बसतो तिथला व्यास) उपयोगी: ५८४ मिलिमीटर बहुधा फ्रेंच, ५९० ब्रिटिश, आणि अमेरिकन टँडमवर ५९७ दिसलं तर श्विन आधी तपासा.

मॉडेलचं नाव शेवटी ठरवायचं. एकाच फ्रेमवर ब्रेक आणि गिअर बदलून कंपन्या दोन-तीन नावं देत. फ्रेमवर फक्त जोडलेले टेकू राहिले असतील, म्हणजे ब्रेकचे, केबलचे, पंपाचे, तर त्यांवरून मूळ सामान काय होतं ते कळतं. म्हणून ते टेकू कापू नका, निरुपयोगी वाटले तरी.

आम्हाला काय पाठवायचं

चेनच्या बाजूनं पूर्ण सायकलचा फोटो, सायकल उभी धरून, झुकवून नव्हे. दोन्ही बॉटम ब्रॅकेट खालून. बिल्ला किंवा त्याची भोकं. हब, क्रँकची आतली बाजू, मागच्या एक्सलच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये. सायकल कोणाकडून आली आणि कोणते भाग बदलल्याचं घरात कोणाला आठवतं, हेही लिहा. आम्ही उत्तरात नक्की काय, बहुधा काय आणि कशावरून, हे वेगवेगळं लिहून देतो. आमचं उत्तर मिळेपर्यंत काढलेला प्रत्येक नट डब्यात जपून ठेवा.