वारसावास्तूंची अंकीय प्रतिमाने : गोवा

ऐतिहासिक इमारतीचे त्रिमितीय संगणकीय प्रतिमान तयार करून त्याला दगड, चुना, लाकूडकाम व पूर्वीच्या दुरुस्त्यांची माहिती, तसेच तापमान, आर्द्रता, तडे व कल मोजणाऱ्या संवेदकांच्या नोंदी जोडण्याची पद्धत. तिच्यावरून वास्तूची प्रकृती आणि आतील सुखावहता (तेथील हवा माणसाला किती आरामदायी वाटते) यांवर लक्ष ठेवता येते. संक्षेपाने ‘एचबीआयएम’ (हिस्टॉरिक बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग).

या पद्धतीचे मूळ काही जण चार्ल्स ईस्टमन यांच्या १९७५ मधील इमारत-वर्णन प्रणालीपर्यंत नेतात. ईस्टमन यांचा रोख मात्र नव्या इमारतींच्या आराखड्यांवर होता. त्यामुळे डब्लिनचे मॉरिस मर्फी व सहकारी यांच्या २००९ च्या शोधनिबंधापासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक. लेसर स्कॅनरने टिपलेल्या बिंदुमेघावर (वास्तूच्या पृष्ठभागावरील असंख्य मोजलेल्या बिंदूंच्या संचावर) त्यांनी जुन्या वास्तुनमुन्यांच्या पुस्तकांवरून घडवलेले खांब, कमानी व खिडक्या बसवल्या. झुकलेल्या, फुगलेल्या भिंतीवर असे नियमित घटक बसवताना खरी विकृतीच पुसली जाण्याचा धोका असतो. म्हणून मूळ बिंदुमेघ जपून ठेवावा लागतो.

गोव्यात कळीचा प्रश्न जांभ्याचा, म्हणजे स्थानिक भाषेतील चिऱ्याचा. हा दगड सच्छिद्र असून लोहाच्या ऑक्साइडांमुळे घट्ट राहतो. त्याच्या पोकळ्यांतील माती पावसाने धुपते. येथे वर्षाला सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या काळातच. जुने गोवे येथील बॉम जीझस बॅसिलिकेचे (बांधकाम १५९४–१६०५) बाह्यांग आज उघड्या चिऱ्याचे दिसते. मुळात त्यावर चुन्याचा गिलावा होता व तो बहुधा १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांच्या काळात उतरवला गेला, असे सामान्यतः मानतात. शेजारच्या से कॅथेड्रलचा गिलावा पाहता हे मत ग्राह्य वाटते. बॅसिलिकेवर गिलावा पुन्हा चढवावा की परिचित झालेले लाल रूप ठेवावे, यावर मतभेद आहेत. प्रतिमानापुरते बोलायचे तर भिंतीच्या थरांना कालनिर्देश हवा. गिलाव्यासह व गिलाव्याविना पाणी मुरण्याची गणिते अगदी वेगळी येतात.

सुखावहतेसाठी डॅनिश संशोधक फँगर यांचा १९७० चा, हवा माणसांना किती उष्ण वा थंड वाटेल याचा अंदाज देणारा निर्देशांक वातानुकूलित जागांना अधिक लागू पडतो. नैसर्गिक वायुवीजनाच्या चर्चना आणि देवळांना २०१४ मधील भारतीय अनुकूली प्रतिमान (माणसे बाहेरच्या हवामानाशी जुळवून घेतात हे धरून चालणारे) जवळचे. मात्र माणसाला मानवणारी हवा सोनेरी मुलाम्याच्या लाकडी वेदींना मानवेलच असे नाही. युरोपीय मानक ईएन १५७५७ (२०१०) अशा वस्तूंसाठी सवयीच्या आर्द्रतेतील चढउतारच राखण्याकडे झुकते.

जुने गोवे येथील संत ऑगस्टीन चर्चच्या भग्न मनोऱ्यासाठी (मूळ उंची सुमारे ४६ मी.; काही भाग १९३१ मध्ये कोसळला) सुखावहता गैरलागू; तेथे कल व तडेच मोजायचे. खाजगी घरांच्या बाबतीत राजांगण (घराच्या मधले उघडे अंगण), बाल्कांव (दारापुढची बसण्याची ओसरी), शिंपल्यांच्या खिडक्या हे घटक युरोपीय नमुनासंचांत नसल्याने मोजमापे घेऊन ते नव्याने घडवावे लागतात.