वजन बदललं की नवं पान? तसं नसतं!

सांगलीत हळद-बेदाणे ऑनलाइन विकणाऱ्यांत एक समज घट्ट बसलाय: साइटवर मालाची पानं (प्रॉडक्ट पेज) जितकी जास्त, तितका माल जास्त दिसतो. म्हणून १०० ग्रॅमची पुडी एका पानावर, अर्धा किलोची दुसऱ्या, किलोची तिसऱ्या.

खरं तर फरक फक्त वजनाचा असेल, तर माल एकच. पान एक ठेवायचं, वजन गिऱ्हाइकानं तिथंच निवडायचं. पानं फोडली की रिव्ह्यूही फुटतात. बारा एकत्र दिसायचे, ते चार-चार होऊन तीन कोपऱ्यांत पडतात. शिवाय दुबार पानं बऱ्याच साइट काढूनही टाकतात.

पान एक म्हणजे सगळंच एक, असं मात्र नाही. घोळ इथंच होतो. प्रत्येक वजनाला स्वतःचा एसकेयू (विकणाऱ्यानं मालाला दिलेला ओळख-कोड), बारकोड, किंमत आणि स्टॉक लागतो. स्टॉक एकत्र धरला की किलोची पिशवी संपलेली असताना नेमकी तिचीच ऑर्डर येते. मग बसा पुड्या जोडत!

आणि हळकुंड नि हळद पूड एकाच पानात कोंबू नका. दोन्ही हळदच, ठीक. पण गिऱ्हाईक एक दळायला घेतं, दुसरी थेट फोडणीत टाकतं.