हौदाची गळती आणि जाडजूड मोनोमर: मागची गोष्ट

आमच्या लातूरकडं टँकरचं पाणी हौदात सोडलं की एक जण काठी बुडवून बघतो, अर्ध्या तासात किती बोटं चढलं. आता हौदाला तडा असंल तर चढलेली बोटं म्हणजे पाइपाची धार नव्हं, धार वजा गळती, हे इथं लेकराला बी कळतं. रॅडिकल पॉलिमरायझेशन म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनच्या टोकाला (त्यालाच रॅडिकल म्हणायचं) मोनोमर नावाचे लहान रेणू एकामागून एक जोडत लांब साखळी होणं; त्याचा वेग मोजणाऱ्यांची अडचण हीच होती, आणि ती सुटायला लैच वेळ लागला.

एम.एस्सी.ची पोरं दरवर्षी विचारतात की सर, पुस्तकात तर रिॲक्शनचा बाण एकेरीच आहे, मग उलटा बाण आला कुठून. आला तो अमेरिकेतल्या स्नो आणि फ्रे ह्या दोघांच्या कामातून. 1938 च्या सुमारास ते ओलेफिन (दुहेरी बंध असलेले हायड्रोकार्बन) आणि सल्फर डायऑक्साइडपासून पॉलिसल्फोन बनवत होते, आणि तापवलं की रिॲक्शन जोरात व्हायला पाहिजे तर ही एका ठराविक तापमानाच्या वर चक्क बंदच पडायची. 1943 ला त्यांनी त्याला सीलिंग टेंपरेचर, म्हणजे तापमानाचं छत, म्हटलं. पुढं नीट मोजल्यावर 1-ब्यूटीनसाठी हे तापमान साधारण 64 अंश निघालं आणि आयसोब्यूटीनसाठी जेमतेम 5. अणू दोन्हीत तेवढेच बरं का, फक्त आयसोब्यूटीनमधे एकाच कार्बनवर दोन मिथाइल दाटीवाटीनं बसलेत.

कारण सांगितलं डेंटन आणि आयव्हिन ह्यांनी, 1948 ला. साखळीला नवा मोनोमर जोडला जातो तसा शेवटचा सुटतोही, आणि तापमान वाढलं की सुटायचा वेग जोडायच्या वेगापेक्षा भराभर वाढतो. दोन्ही सारखे झाले की साखळी वाढायची थांबली. मोनोमर जाडजूड असला की साखळीत गर्दी होते, जोडताना उष्णता कमी बाहेर पडते, म्हणून छत खाली येतं. यात्रेच्या एसटीत गाठोड्यासकट चौथा माणूस तिघांच्या सीटवर बसवला तर जरा गचका बसला की तोच आधी खाली. स्टायरीनचं छत तीनशे अंशांच्या पुढं, पण त्यालाच एक मिथाइल लावून अल्फा-मिथाइलस्टायरीन केलं की शुद्ध मोनोमरलाही 61 अंशांवरच संपलं.

हे कळलं खरं, पण धार वेगळी आणि गळती वेगळी मोजायची कशी? त्या काळी फिरती चकती होती, खाच पाडलेली चकती दिव्यासमोर फिरवून उजेड चालू-बंद करायचा आणि त्यावरून रॅडिकल किती वेळ जगतो ते काढायचं. किचकट काम, आणि एकाच मोनोमरचे आकडे वेगवेगळ्या लॅबमधे कुठल्या कुठं जायचे. मला त्यांची कीव येते कारण आम्ही शिकताना डायलॅटोमीटर लावायचो, एमएमए म्हणजे मिथाइल मेथॅक्रिलेटचं पॉलिमर होताना आकारमान साधारण पाचव्या हिश्शानं कमी होतं म्हणून बारीक नळीतली पातळी उतरते, ती दर पाच मिनिटाला टिपायची. आणि नेमकं मधेच लोडशेडिंग, बाथ गार, पातळी भलतीकडंच. वहीत त्या दिवसाच्या पानावर नुसतं "लाइट गेली" एवढंच आहे.

खरा मार्ग निघाला 1987 ला व्हिएन्नात, ओलाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून. ठरलेल्या अंतरानं लेझरचे झटके द्यायचे. एका झटक्यात साखळ्या सुरू होतात, पुढच्या झटक्यात नव्या रॅडिकलची गर्दी झाली की त्यातल्या बऱ्याच तिथंच मरतात. म्हणजे साखळीची लांबी भागिले दोन झटक्यांमधला वेळ, भागिले मोनोमरचं प्रमाण, झाला वेगाचा स्थिरांक. 25 अंशाला स्टायरीनचा हा स्थिरांक 86 च्या आसपास, प्रमाण लिटरला 8.7 मोल, झटका दर दशांश सेकंदाला, तर साखळी साधारण 75 कड्यांची. लांबी जीपीसीवर, म्हणजे साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणाऱ्या यंत्रावर, बघायची. 1995 ला आययुपॅक ह्या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या गटानं स्टायरीनचे आकडे पक्के केले आणि भांडणं बरीचशी मिटली.

गळती मात्र इथंही आकड्यात लपलेलीच असते, फक्त आता ती पकडता येते. तापमान वाढवत जा, लॉग स्थिरांक आणि तापमानाचा व्यस्त ह्यांची सरळ रेषा एका जागी खाली वाकायला लागते, कारण मोजलेला आकडा म्हणजे जोडायचा वेग वजा सुटायचा वेग भागिले मोनोमरचं प्रमाण. मोनोमर पातळ केला तर वाक आणखी लवकर येतो, आणि ह्यावरूनच वाक खरंच गळतीचा आहे का ते तपासता येतं. कमी तापमानाची सरळ रेषा तशीच जास्त तापमानाकडं ओढून नेली की धार कळाली, तिच्यापासून जेवढं खाली आलं तेवढी गळती. मेथॅक्रिलेटला ह्यासाठी बरंच तापवावं लागतं, इटाकोनेटला (इटाकोनिक ॲसिडच्या एस्टरला) तेवढं नाही, म्हणून 2005 ला सिडनीच्या एका गटानं असल्या दाटीच्या मोनोमरवर हीच पद्धत लावली. इटाकोनिक ॲसिड तसं आपल्या ओळखीतलंच निघतं, मातीत राहणारी ॲस्परजिलस टेरियस बुरशी साखरेवर वाढवून ते काढतात, आणि साखरेची आपल्या मराठवाड्यात काय कमी.

एक फट अजून राहतेच. जीपीसीचा कॉलम स्टायरीनच्या साखळ्यांवर बेतलेला असतो, आणि इटाकोनेटची जाडजूड साखळी तेवढ्याच वजनाला वेगळीच फुगते, म्हणजे काठी दुसऱ्याच हौदाची. म्हणून त्या पॉलिमरचे मार्क-हाउविंक स्थिरांक, म्हणजे साखळीचं वजन आणि द्रावणाचा दाटपणा ह्यांचं नातं सांगणारे आकडे, आधी वेगळे काढावे लागतात, नाहीतर लेझर कितीही भारी असो, धारेचा आकडा पहिल्यापासूनच चुकलेला.