बेबे धरणारे हात कमी झाले, तर बेबे वाचतील?

मिरगाचे पहिले दोन-तीन पाऊस पडले की गोव्यातल्या सड्यांवर आणि मळ्यांत रातोरात कल्लोळ सुरू होतो. उन्हाळाभर मातीत गाडून घेतलेला मोठा बेडूक, म्हणजे आपला बेबो, वर येतो. नर हळदीसारखा पिवळा होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात आणि तो मादीला साद घालू लागतो. त्याच रात्री त्याच आवाजाच्या रोखाने बॅटऱ्याही निघतात. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारी बंद असते, मासळी महागलेली असते. त्यात चढणीचे मासे धरायला माणसे आधीच ओहोळाकडे निघालेली असतात. वाटेत बेबो दिसला की तोही पिशवीत जातो.

हा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते: आजची मुले रानात जातच नाहीत, आणखी पंचवीस वर्षांत शिकार आपोआप बंद पडेल. त्यात तथ्य नाही असे नाही. पण या एका वाक्यात वय, काळ आणि पिढी अशा तीन निराळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे, आणि ती निवडल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

समजा, एका गावात २०२६ मध्ये विचारले. पंचविशीतल्या १०० जणांपैकी १० जण म्हणाले, वर्षभरात एकदा तरी शिकारीला गेलो. पन्नाशीतल्या १०० जणांपैकी ३० जण तसे म्हणाले. ओढ कमी होते आहे असे यावरून लगेच म्हणता येत नाही. पंचविशीतला मुलगा कदाचित वेर्ण्याच्या कारखान्यात रात्रपाळी करतो, किंवा तारवटी होऊन वर्षातले आठ महिने बोटीवर असतो. पन्नाशीला घरी स्थिरावला की तोही बंदूक नाहीतर बॅटरी उचलेल. हा वयाचा परिणाम. दुसरी शक्यता अशी की त्याला कोणी शिकवलेच नाही, आणि पन्नाशीलाही तो जाणार नाही. हा पिढीचा परिणाम. तिसरा काळाचा, म्हणजे सगळ्या वयांना एकदम लागू होणारा: नवा कायदा आला, किंवा २०२० च्या टाळेबंदीसारखी सगळ्यांना घरी बसवणारी वेळ आली.

अडचण गणितातच आहे. पाहणीच्या वर्षातून जन्मवर्ष वजा केले की वय येते. तिन्हींपैकी दोन ठरले की तिसरे आपोआप ठरते, म्हणून नुसत्या आकड्यांतून तिघांचा वाटा सुटा करता येत नाही. कुठेतरी एक गृहीतक धरावेच लागते. निदान इतके तरी करता येते की तोच प्रश्न दर पाच-दहा वर्षांनी विचारायचा आणि १९९६ ते २००० मध्ये जन्मलेल्यांचा गट धरून ठेवायचा. हा गट २०२६ मध्ये १०, २०३६ मध्ये १८ आणि २०४६ मध्ये २८ वर गेला, आणि इतर वयोगटांचे आकडे त्याच वेळी वर गेले नाहीत, तर ते वयाचे लक्षण. तो १०, १०, ९ असाच रेंगाळला तर पिढीचे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या हरणांच्या शिकाऱ्यांच्या नोंदी अशा रीतीने तपासल्या गेल्या, तेव्हा पुरुषांच्या पुढच्या पिढ्यांमध्ये शिकारीची ओढ खरोखरच उतरलेली आढळली.

इतर देशांचे आकडेही तेच सांगतात, पण ते जपून वाचावेत. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास पाच लाखांहून अधिक शिकार-परवानाधारक होते, आता ते दोन लाखांच्या आसपास आहेत आणि त्यांतले बरेचसे साठी उलटलेले आहेत. अमेरिकेत १९८२ मध्ये सुमारे १ कोटी ७० लाख शिकारी होते, २०१६ च्या पाहणीत १ कोटी १५ लाख. २०२२ च्या पाहणीत हा आकडा १ कोटी ४४ लाख निघाला, पण मधल्या काळात विचारण्याची पद्धतच बदलली होती, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून 'वाढ झाली' म्हणता येत नाही. आणि हे देश परवाने देतात, म्हणून त्यांच्याकडे मोजायला निदान काहीतरी असते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. ज्याची नोंदच होत नाही त्याची घट कशी दाखवणार?

त्यावरही एक युक्ती आहे, आणि ती १९६५ पासून ठाऊक आहे. उत्तर देणाऱ्याच्या हातात फासा द्यायचा. तो त्याने आडोशाला टाकायचा, पडलेला आकडा विचारणाऱ्याला दाखवायचा नाही. १ पडला तर खरे काहीही असो, 'हो' म्हणायचे. ६ पडला तर 'नाही' म्हणायचे. २ ते ५ पडले तर खरे सांगायचे. 'हो' म्हणणाऱ्यावर आता कोणी बोट ठेवू शकत नाही, कारण ते फाशाचेही उत्तर असू शकते. समजा २०० जणांपैकी ६० जण 'हो' म्हणाले, म्हणजे शेकडा ३०. त्यातले शेकडा १६.७ फाशाचे. उरले १३.३. खरे बोलण्याची पाळी सहापैकी चार वेळा येते, म्हणून १३.३ ला ४/६ ने भागायचे: उत्तर शेकडा २०. गावातले साधारण २० टक्के लोक शिकार करतात, पण त्यांतले कोण, हे विचारणाऱ्यालाही कळत नाही.

हे प्रत्यक्षात फसते ते दोन ठिकाणी. एक, फाशाचा गोंगाट उत्तरात मिसळतो, त्यामुळे तेवढ्याच अचूकपणासाठी थेट प्रश्नापेक्षा जवळजवळ तिप्पट माणसे लागतात. वरच्या उदाहरणात २०० जणांवरून काढलेले २० टक्के खरे म्हणजे साधारण १० ते ३० च्या मध्ये कुठेतरी आहेत. दोन, काही जण १ पडूनही 'हो' म्हणायला कचरतात, आणि मग आकडा खऱ्यापेक्षा खाली येतो. म्हणून आधी एखाद्या निरुपद्रवी प्रश्नावर सराव करून घ्यावा. घाईत ही पायरीच गाळली जाते.

पण धरून चालू की पिढीचा परिणाम खरा आहे. शिकार बहुधा बाप, काका किंवा शेजारी शिकवतो. प्रत्येक १०० शिकाऱ्यांमागे पुढच्या पिढीत ६० च तयार होत असतील, तर १०० चे ६०, मग ३६, मग २२. तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षे. बेबोची पिढी जेमतेम काही वर्षांची. माणसाच्या तीन पिढ्या सरेपर्यंत बेडकाच्या कितीतरी पिढ्या उलटतात. ज्याला 'आपोआप बंद पडणे' म्हणतात ते एवढ्या संथ गतीने होते.

शिवाय शिकारी मोजले म्हणजे शिकार मोजली असे होत नाही. पूर्वी एका मळ्यात ४० जण उतरत आणि हंगामात प्रत्येकी १० बेबे नेत असत असे समजू: ४००. आता १२ च जण उतरतात, पण प्रत्येकी ४० नेतात: ४८०. शिकारी शेकडा ७० ने घटले आणि मारलेले बेडूक शेकडा २० ने वाढले. हे आकडे समजुतीपुरते असले तरी त्यांमागचे कारण खरे आहे. पेट्रोमॅक्स डोक्यावर घेऊन चालायला एक माणूस, धरायला दुसरा, पोते सांभाळायला तिसरा लागायचा. आता डोक्याला बांधायची एलईडी बॅटरी आहे, दोन्ही हात मोकळे राहतात, आणि मोटारसायकलवरून एका रात्रीत तीन-चार मळे होतात. उजेड डोळ्यांवर पडला की बेबो जागचा हलत नाही, त्यामुळे रानाची समज नसली तरी चालते.

रानडुकराचेही तसेच. हाक्याच्या शिकारीला आठ-दहा माणसे, कुत्री आणि डुकराच्या वाटा तोंडपाठ असलेला म्हातारा लागतो. तो म्हातारा गेला की हाका बंद; इथे पिढी बदलल्याचा परिणाम लख्ख दिसतो. पण ब्रेकच्या तारेच्या फासाला ना म्हातारा लागतो ना कुत्री. तो लावून माणूस घरी झोपतो, फास रात्रभर जागा असतो, आणि त्याला डुक्कर, भेकर आणि बिबटा यांत फरक कळत नाही. जुने कसब विसरले गेल्याने रानाला मिळणारी उसंत तारेने खाऊन टाकली आहे. 'नव्या पिढीला शिकार येत नाही' हे ऐकून निर्धास्त होणाऱ्यांच्या हिशेबात ही तार नसते.

मग ओढ कोणाची, हे पाहावे लागते. घरच्या कडीसाठी धरणाऱ्याची ओढ मासळी-कोंबडी परवडू लागली की उतरते. मौजेची ओढ पिढीबरोबर उतरू शकते, किंवा पावसाळी सहलीला येणाऱ्याच्या 'एकदा चाखून बघू'मधून नव्याने जन्मते. विक्रीची ओढ मात्र गावात नसतेच, ती दूर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या ताटात असते. भारतातून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दरवर्षी काही हजार टन बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. १९८५ मध्ये हा बेडूक आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइटीस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला, १९८७ मध्ये भारताने निर्यातच बंद केली. युरोपातल्या खवय्यांनी खाणे सोडले नाही. इंडोनेशिया मोठा पुरवठादार झाला. बंदीने आपले बेडूक वाचले, मागणी फक्त पत्ता बदलून गेली. मोठा भाव देणारे गिऱ्हाईक असेल तर पुरवायला गावात बाराच जण पुरतात.

चौथी ओढ शेतकऱ्याची, आणि ती पिढीगणिक वाढण्याचीच चिन्हे आहेत. सत्तरी, सांगे, काणकोणात शेत पडीक टाकले की तिथे झुडपे वाढतात, डुकरांना आडोसा मिळतो आणि शेजारच्या कसणाऱ्यावर सगळा भार पडतो. कसणारे जितके कमी, तितकी उरलेल्यांची हानी जास्त. २०१६ मध्ये तर मोरालाही उपद्रवी ठरवण्याची चर्चा गोव्यात झाली होती. उभ्या पिकाला धोका असेल तर कायद्याचे कलम ११ मुख्य वन्यजीव रक्षकाला लेखी परवानगी देऊ देते. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांपुरता हा अधिकार ग्रामपंचायतींच्या पातळीवर नेला, पण मारलेले डुक्कर पुरून टाकायचे, खायचे नाही, ही अट ठेवून. पिकाचे रक्षण आणि मांसाची हौस वेगळी ठेवण्याचा तो प्रयत्न आहे.

या सगळ्यात बेबोचा हंगामच त्याच्या मुळावर येतो. नर ओरडून स्वतःचा पत्ता सांगतो, मादी पोटात हजारो अंडी घेऊन त्याच पाण्याकडे येते, आणि हा मेळा पहिल्या पावसानंतरच्या मोजक्या रात्रींचा असतो. अंडी घातल्यावर, म्हणजे ऑगस्टमध्ये, धरलेल्या बेडकामागे एक बेडूक जातो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धरलेल्या मादीमागे त्या मळ्याचे पुढचे वर्षही जाते.

म्हणून माणसांची ओढ मोजण्याबरोबर बेडूकही मोजावेत, आणि ते सोपे आहे. उत्तर अमेरिकेत रुळलेली पद्धत अशी: सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने ठरलेल्या जागी उभे राहून पाच मिनिटे ऐकायचे. आवाज नसेल तर ०. एकेकटे, मोजता येण्याजोगे असतील तर १. एकमेकांत मिसळले पण वेगळे ओळखू आले तर २. नुसता गजर असेल तर ३. आपल्याकडे एकच रात्र गेलात आणि पाऊस आदल्या दिवशी थांबला असेल तर ० लिहून परत याल, म्हणून पहिल्या मोठ्या पावसानंतर सलग तीन रात्री जायचे आणि तिन्हींतला मोठा आकडा धरायचा. दुसरी खोट अधिक फसवी आहे. ४० नर ओरडले तरी ३ आणि ४०० ओरडले तरी ३. मळ्यातले दहापैकी नऊ बेडूक गेले तरी वहीत ३ चे ३ च राहतात. ३ ऐकू आले की बॅटरी खाली धरून, पाण्यात न उतरता, बांधावरून निळ्या पिशव्या मोजायच्या आणि तो आकडा ३ च्या शेजारी लिहायचा.