दक्षिणेच्या शोकातून उत्तरेकडे: केंब्रिजच्या ध्रुवीय संस्थेची पार्श्वभूमी

केंब्रिजच्या लेन्सफिल्ड रोडवरच्या एका संस्थेत चहाची वेळ झाली की जहाजाची घंटा वाजते. सकाळी एकदा, दुपारी एकदा. मग भूगर्भवाले, उपग्रहांची छायाचित्रं वाचणारे, रेनडिअर पाळणाऱ्यांमध्ये राहून आलेले मानववंशशास्त्रज्ञ असे सगळे आपापल्या खोल्यांमधून बाहेर येतात. ही घंटा ‘टेरा नोव्हा’ जहाजावरची. १९१० मध्ये कॅप्टन रॉबर्ट स्कॉटची मोहीम याच जहाजातून अंटार्क्टिकाकडे निघाली होती. संस्थेचं नावही त्याचंच: स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूट.

स्कॉट दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेला माणूस. मग त्याच्या नावाच्या संस्थेत सायबेरियातल्या गुराख्यांचा आणि कॅनडातल्या इन्युइट या मूळ रहिवाशांचा अभ्यास कुठून आला?

स्कॉट आणि त्याचे चार साथीदार १७ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पोहोचले. नॉर्वेचा आमुंडसेन त्याआधी महिनाभर तिथे झेंडा लावून गेला होता. परतीच्या वाटेवर पाचही जण गेले. शेवटच्या तिघांचा तंबू अन्नसाठ्यापासून अवघ्या ११ मैलांवर होता, आणि तो सापडायला नोव्हेंबर उजाडला. याच मोहिमेत फ्रँक डेबनहॅम नावाचा ऑस्ट्रेलियन भूगर्भशास्त्रज्ञ होता. बर्फात फुटबॉल खेळताना त्याचा गुडघा दुखावला होता. १९१२ च्या अखेरीस अंटार्क्टिकातल्या केप रॉयड्सला, आधी एक मोहीम नेलेल्या शॅकल्टनच्या जुन्या झोपडीत मुक्काम असताना त्याच्या मनात एक विचार आला. प्रत्येक मोहीम नव्याने चुका करते, कारण आधीच्या लोकांनी शिकलेलं एका जागी कुठे ठेवलेलंच नसतं. स्लेज कशी बांधावी, कुत्र्यांना काय घालावं, नोंदी कशा ठेवाव्यात, हे सगळं एका ठिकाणी मिळायला हवं. कल्पना तशी हिशेबनिसाची. आणि तशी होती म्हणूनच टिकली असावी.

पैसा शोकातून आला. स्कॉटने तंबूत लिहिलेल्या शेवटच्या निवेदनात आपल्या माणसांच्या घरच्यांकडे बघा, अशी विनवणी केली होती. ती छापून आल्यावर ब्रिटनमध्ये सुमारे ७५,००० पौंड जमले. विधवा-मुलांची सोय लावून जे उरलं, त्यातला एक भाग डेबनहॅमने केंब्रिजसाठी मिळवला. १९२० मध्ये संस्था उभी राहिली ती सेजविक संग्रहालयाच्या माळ्यावरच्या एका खोलीत. डेबनहॅम पहिला संचालक झाला आणि १९४६ पर्यंत राहिला.

स्वतःची इमारत मिळाली १९३४ मध्ये. वास्तुविशारद हर्बर्ट बेकर, म्हणजे दिल्लीच्या नॉर्थ आणि साउथ ब्लॉकचाच. प्रवेशदालनात वर बघावं तर दोन घुमट: एकात उत्तर ध्रुवाचा नकाशा, दुसऱ्यात दक्षिणेचा. मॅकडॉनल्ड गिलने रंगवलेले. भोवती शोधकांची नावं आणि त्यांची चिमुकली जहाजं. इमारत स्कॉटचं स्मारक, पण छतावर दोन्ही ध्रुवांना जागा सारखी. माझ्या मते संस्थेची पुढची वाट त्या छतावरच लिहिलेली होती.

तोवर केंब्रिजची तरुण मंडळी उत्तरेकडे वळलीच होती. आर्क्टिक जवळ, खर्च कमी, आणि विद्यार्थ्यांच्या उन्हाळी सुट्टीत जाऊन येता येतं. १९३०-३१ मध्ये जिनो वॉटकिन्स या तेवीस वर्षांच्या पोराने ग्रीनलंडमध्ये मोहीम नेली. इंग्लंडहून कॅनडाला विमानमार्ग काढता येईल का, हे पाहायचं होतं. तिथे हा गडी स्थानिकांकडून कयाक शिकला: नाव उलटली तर पाण्याखालूनच ती पुन्हा सरळ कशी करायची, सील कसा मारायचा. स्कॉटच्या पिढीला स्थानिक माणसाकडून शिकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण दक्षिणेला माणूसच नाही. उत्तरेला पाऊल ठेवलं की पहिल्या दिवशी कुणीतरी भेटतं, आणि ते आपल्यापेक्षा जास्त जाणतं. १९३२ च्या ऑगस्टमध्ये वॉटकिन्स एकटाच कयाक घेऊन शिकारीला गेला आणि बुडाला. वय पंचवीस.

दुसऱ्या महायुद्धात सरकारला कळलं की थंडीत सैनिकाने काय घालावं याची माहिती याच कपाटांमध्ये आहे. युद्धानंतर शीतयुद्ध आलं, आणि आर्क्टिक म्हणजे अर्धाअधिक सोव्हिएत किनारा. १९४७ मध्ये टेरेन्स आर्मस्ट्राँग इथे आला. त्याला रशियन येत होतं. प्रत्यक्ष सायबेरियात फिरणं दुरापास्त, त्यामुळे भिस्त छापील रशियन मजकुरावर. त्यातून त्याने सायबेरियाच्या किनाऱ्यालगतच्या सोव्हिएत उत्तर सागरी मार्गाचा अभ्यास उभा केला. आज त्या मार्गाने किती जहाजं जातात याच्या बातम्या आपल्या पेपरातही येतात; तेव्हा हा विषय एका खोलीतल्या माणसाचा होता.

दुसरीकडे भौतिकशास्त्र चालू होतंच. बर्फावरून उडणाऱ्या विमानांचे रेडिओ उंचीमापक चुकीची उंची दाखवत, कारण लहरी बर्फाच्या पृष्ठभागावर न थांबता आत शिरत. ही चूकच इथल्या लोकांनी कामाला लावली. १९६० च्या दशकात विमानातून बर्फाची जाडी मोजण्याचं तंत्र बसवलं, आधी ग्रीनलंडवर, मग अंटार्क्टिकावर. त्यातून बर्फाखालची तळी कळली.

माणसांकडचं खरं वळण मात्र १९८० च्या दशकातलं. पिअर्स विटेब्स्की इथे मानववंशशास्त्राचं काम पाहू लागला. त्याआधी, १९७० च्या दशकात, तो ओडिशातल्या सोरा आदिवासींमध्ये राहिला होता. शामनच्या, म्हणजे अंगात येणाऱ्या व्यक्तीच्या तोंडून मेलेली माणसं बोलतात आणि जिवंत नातेवाईक त्यांच्याशी वाद घालतात, हे ऐकत. तिथून तो पोहोचला ईशान्य सायबेरियातल्या रेनडिअर पाळणाऱ्या एवेनी लोकांकडे. सोव्हिएत राज्याने त्यांच्या कळपांची सरकारी शेतं केली होती, आणि पोरं निवासी शाळेत. आईबाप डोंगरात रेनडिअरमागे, मूल गावात. सोरांकडे शिकलेला कान सायबेरियात उपयोगी पडला असणार, असं मला वाटतं.

आता पुन्हा त्या घुमटाकडे. शोधकांच्या रोजनिश्यांचा इथे मोठा साठा आहे. त्या वाचण्याची रीत बदलली आहे. १८२२ मध्ये विल्यम पॅरीच्या जहाजांचा हिवाळी मुक्काम कॅनडाच्या उत्तरेला पडला होता. इलिग्लिउक नावाच्या इन्युइट बाईने त्याला पुढचा किनारा कागदावर काढून दिला. त्या नकाशावरून पॅरी ज्या सामुद्रधुनीपाशी पोहोचला, तिला त्याने आपल्या दोन जहाजांची नावं दिली: फ्युरी आणि हेक्ला. अशा नोंदी आता उलट्या बाजूने वाचल्या जातात: शोधकाला भेटलेली माणसं कुठून आली होती, कुठे चालली होती? केंब्रिजच्या आणि कॅनडातल्या अभ्यासकांनी मिळून २०१४ मध्ये इन्युइट वाटांचा एक नकाशासंग्रह खुला केला. ग्रीनलंडच्या बाजूपासून पश्चिमेपर्यंत एकमेकींना जोडलेल्या वाटा त्यात दिसतात. यातल्या बऱ्याचशा समुद्राच्या बर्फावरून जातात. दर उन्हाळ्यात बर्फ वितळला की त्या पुसल्या जातात, आणि हिवाळ्यात बर्फ धरला की पहिली स्लेज पुन्हा त्याच जागेवरून जाते.