अवघड सहकाऱ्याशी संघर्ष : व्यवस्थापकाची हाताळणी

गटातल्या एखाद्याचे वागणे इतरांच्या कामात वारंवार आडवे येऊ लागले की तो तिढा सोडवण्याची जबाबदारी व्यवस्थापकावर येते. व्यवस्थापनाच्या अमेरिकन अभ्यासक मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ मध्ये मतभेद मिटवण्याच्या तीन वाटा सांगितल्या : एकाने दुसऱ्यावर कुरघोडी करणे, दोघांनी थोडेथोडे सोडणे आणि दोघांचीही मूळ गरज भागेल असा तोडगा काढणे. १९७४ मध्ये केनेथ थॉमस व राल्फ किलमन या संशोधकांनी स्पर्धा, सहकार्य, तडजोड, टाळाटाळ आणि पडते घेणे अशा पाच पद्धती मांडल्या. यांतली टाळाटाळ सर्वांत सोपी वाटते आणि सर्वांत महाग पडते. साहेब काही बोलत नाहीत, हे दिसले की नीट काम करणाऱ्यांचाही धीर सुटतो.

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत या प्रश्नाला स्थानिक रंग आहे. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडून येणाऱ्या कित्येक कामगारांच्या घरी शेती असते, काहींच्या द्राक्षबागा असतात. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर नवी फूट कोवळी असताना पाऊस झाला, तर डावणी या रोगावरची फवारणी दुसऱ्या दिवसावर ढकलता येत नाही. अशा वेळी न सांगता दांडी मारणाऱ्याला सुपरवायझर ‘बेशिस्त’ ठरवतो, आणि त्याची पाळी ओढणारा सहकारी त्याच्यावर डूख धरतो. छाटणीच्या आधीच त्याच्याशी बसून रजा ठरवली, पाळी कोण बदलून घेईल हे दोघांसमोर पक्के केले, तर यातले बरेचसे भांडण उभेच राहत नाही. फॉलेट यांची तिसरी वाट ती हीच.

खरा कस लागतो तो कामात तरबेज पण वागायला तिखट माणसाशी. मशीनचे सेटिंग त्याच्याइतके कुणालाच जमत नाही, आणि तो ते कुणाला दाखवतही नाही. नवीन मुलाने विचारले की चारचौघांत पाणउतारा करतो. उत्पादन अडेल या धास्तीने त्याला सांभाळून घेतले जाते, आणि हाताखालची चांगली मुले मात्र सोडून जातात. या वागण्यामागे पुष्कळदा आपली गरज संपेल ही भीती असते. शिकवण्याचे काम रीतसर त्याच्याकडे सोपवून त्याची कामगिरीत नोंद घेतली, तर ती भीती कमी होऊ शकते. पाणउतारा मात्र त्या बदल्यातही खपवून घेऊ नये.

बोलणे एकांतात आणि लवकर व्हावे. पाळी सुटता सुटता, गेटवर किंवा लाइनवर सर्वांदेखत नको. “तुमचं वागणं बरोबर नाही” म्हटले की समोरचा लगेच बचावाला उभा राहतो. “भाऊ, मंगळवारी सेकंड शिफ्टला त्या मुलाने मशीनचं ऑफसेट सेटिंग विचारलं, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर त्याला हाकललं. नंतर त्याचे नग रिजेक्ट झाले. काय झालं होतं?” असे विचारले की बोलायला घटना मिळते. मग व्यवस्थापकाने गप्प बसून ऐकावे. हे जड जाते, पण त्या शांततेतच खरे कारण बाहेर येते : घरचे आजारपण, हुकलेली बढती, जुना अपमान. उठण्याआधी पुढे काय बदलायचे आणि पुन्हा कधी भेटायचे हे ठरवून तारखेसह लिहून ठेवावे.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर कागद सुरू होतो : लेखी समज, कारणे दाखवा नोटीस, आरोपपत्र, चौकशी. आरोप स्पष्ट कळणे आणि बाजू मांडायची संधी मिळणे हा कामगाराचा हक्क आहे. चौकशीचा निकाल आधीच ठरवून टाकणारा व्यवस्थापक त्याच्यावर अन्याय करतो आणि कामगार न्यायालयात स्वतःची बाजूही कमजोर करतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी लागते. तीत मालक व कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात. निलंबनकाळात पहिले ९० दिवस निम्म्या वेतनाइतका निर्वाहभत्ता द्यावा लागतो.

लैंगिक छळाची तक्रार या चौकटीत बसत नाही. ती समजावून मिटवण्याचा व्यवस्थापकाला अधिकार नाही. २०१३ च्या कायद्यानुसार ती अंतर्गत समितीकडेच जाते, आणि समितीने ९० दिवसांत चौकशी पूर्ण करायची असते.